स्प्रिंगच्या एअरगनवरचा स्कोप सरकू नये म्हणून

"काका, किती बी आवळलं तरी स्कोप मागंच सरकायलाय."

अंबडहून आलेल्या मुलाचं हे वाक्य. बंदूक गोणपाटात गुंडाळून दुचाकीवर आणली होती. माउंटच्या, म्हणजे स्कोप (नेमाची दुर्बीण) बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, चारपैकी दोन स्क्रूंची षटकोनी भोकं आवळून आवळून पार गोल झालेली, आणि बंदुकीच्या पाठीवरच्या खाचेत सहा-सात मिलिमीटर लांबीचा चकचकीत ओरखडा. म्हणजे आवळण्यात त्यानं काही कसर ठेवली नव्हती. माउंट उलटा करून पाहिला तर पोटात स्टॉप पिन (माउंटला मागे सरकू न देणारी खुंटी) होती, कारखान्यातून आली तशी आत चढवलेली. ती खाली उतरवायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अशा बंदुका वर्षाला पाच-सहा तरी माझ्यासमोर येतात. जालना, परभणी, लातूर, कुठूनही येवोत, चूक तीच. म्हणून सगळी कृती एकदाच क्रमाने लिहून ठेवतो. पीसीपीवाल्यांनी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुका असलेल्यांनी, हा लेख सोडून दिला तरी चालेल, त्यांच्या बंदुकीला असा धक्काच नसतो. हे आहे नळी मोडून (म्हणजे सांध्यावर खाली वाकवून) भरायच्या, स्प्रिंगच्या किंवा गॅस रॅमच्या (स्प्रिंगऐवजी कोंडलेला गॅस असलेल्या) बंदुकीसाठी.

स्कोप मागेच का सरकतो

एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागे येते. पिस्टन नळकांड्याच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा तीच बंदूक झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका जास्त तीव्र असतो. बंदूक पुढे पळते, वर बसलेला स्कोप आहे तिथेच राहू पाहतो, म्हणून बंदुकीच्या मानाने तो मागे, तुमच्या डोळ्याकडे सरकतो.

बारूदाच्या रायफलीत मुख्य धक्का एकाच दिशेचा, मागे. तिथे स्कोप पुढे सरकू पाहतो. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्या रायफलींचे असतात आणि त्यात सांगतात, "माउंट पुढे रेटा आणि आवळा." आपल्याला नेमकं उलटं करायचं आहे. त्या रायफलींसाठी बनवलेला स्कोप स्प्रिंगच्या बंदुकीवर आतून खिळखिळा होतो तोही याच उलट्या झटक्यामुळे. विकत घेताना "एअरगनसाठी चालतो का" एवढंच विचारू नका, स्प्रिंगच्या एअरगनसाठी चालतो का ते विचारा. दुकानदार अडखळला तर ठेवून द्या.

१. आधी शोधा, सरकतंय नेमकं काय

छर्रा भलतीकडे लागला की सगळा दोष स्कोपवर. मी मात्र आधी हे तपासतो, आणि याच क्रमाने.

लाकडाचे स्क्रू, म्हणजे बंदुकीचं लोखंडी अंग लाकडी दस्त्याला धरणारे. पुढच्या बाजूला दोन आणि ट्रिगर गार्डपाशी एक-दोन. स्प्रिंगच्या बंदुकीत हे हटकून ढिले होतात. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच "खराब" स्कोपांचं दुखणं इथेच निघालं.

नळीचा सांधा. बंदूक रिकामी आणि बंद असताना नळी धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खळखळ जाणवली तर सांध्याचा बोल्ट बघा. तो दुरुस्त झाल्याशिवाय स्कोपला हात लावू नका.

पॅरॅलॅक्स. बंदूक पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात न लावता स्कोपमधून बघा आणि डोकं थोडं इकडेतिकडे हलवा. स्कोपमधली नेमाची फुली लक्ष्यावर फिरताना दिसली तर तुमचा स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेला आहे. १० मीटरवर प्रत्येक वेळी गाल वेगळ्या जागी टेकला की छर्राही वेगळ्या जागी. हे सरकणं नव्हे. पुढच्या भिंगाशी किंवा बाजूला अंतर जुळवायची कडी असलेला, १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप हवा.

बंदूक धरण्याची पद्धत. स्प्रिंगची बंदूक आवळून धरली, किंवा थेट कठीण ओट्यावर टेकवली, की मारा बदलतो. उघड्या तळहातावर सैल ठेवा, तिला तिचा झटका घेऊ द्या. रोज तळहात एकाच जागी हवा.

या चारही गोष्टी ठीक निघाल्या तर मग पुढे. आता दोनच शक्यता उरतात: माउंट खाचेवर सरकतोय, किंवा स्कोपचं नळकांडं रिंगांमध्ये (माउंटच्या ते धरणाऱ्या कड्यांमध्ये) सरकतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. कोणतं ते कळायला बारीक टोकाच्या पांढऱ्या रंगाने किंवा नेलपॉलिशने दोन रेघा मारा, एक माउंटवरून खाली बंदुकीवर उतरणारी, दुसरी रिंगवरून नळकांड्यावर जाणारी. वीस छर्रे मारा. जी रेघ तुटली तिथे रोग.

२. सामान मांडून घ्या

नीट बसणाऱ्या ॲलन की (गोल झालेली, घासलेली की आधी फेकून द्या), आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती चिंधी, जुना टूथब्रश, दातकोरणं, ओळंबा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला पडू न देणारा गोंद), नेलपॉलिश. टॉर्क रेंच असेल तर उत्तम.

माउंट घेताना आधी बंदुकीची खाच पाहा. बहुतेक एअरगनांवर ११ मिलिमीटरची डव्हटेल (तिरप्या कडांची लांब खाच) असते, पण प्रत्यक्षात ही रुंदी साडेनऊपासून साडेतेरापर्यंत कुठेही निघते. रुंद, चौकोनी आडव्या खाचांची रेल असेल तर ती वीव्हर किंवा पिकॅटिनी. एकाचा माउंट दुसऱ्यावर ठोकून बसवू नका. रिंग २५.४ की ३० मिलिमीटरची हे स्कोपच्या नळकांड्यावरून ठरतं.

माझं मत विचाराल तर एकसंध, लांब पायाचा, प्रत्येक बाजूला दोन-तीन पकडस्क्रू असलेला माउंट घ्या. दोन सुट्या रिंगा स्वस्त पडतात, पण पिन एकाच रिंगला असते आणि दुसरी रिंग नुसती नळकांड्याच्या भरवशावर लोंबकळते. आणि स्कोप हलका घ्या. पाऊण किलोचा दुर्बिणीएवढा स्कोप दिसायला भारी, पण झटक्यात तोच वजन घेऊन मागे ओढतो.

बंदुकीत जास्त दमाची स्प्रिंग टाकून घेण्याची हौस अनेकांना असते. धक्का वाढतो, स्कोप जास्त सरकतो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूल ही परवान्याविना चालणाऱ्या एअरगनची मर्यादा आहे, ती ओलांडली तर प्रकरण वेगळं. स्प्रिंग आहे तीच राहू द्या.

*थांबा:* नळी मोडून बघा, आत छर्रा नाही ना. पुढचं सगळं काम रिकाम्या बंदुकीवर. आणि रिकामी बंदूक ताणून "टक" करून बघू नका, छर्रा नसला की पिस्टन थेट आपटतो.

३. तेल काढा

नव्या बंदुकीवर कारखान्याचं तेल असतं आणि माउंटच्या जबड्यातही. तेलावर लोखंड घसरणारच. ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून खाचेच्या दोन्ही बाजू घासा, माउंटचे जबडे घासा, रिंगांची आतली बाजू आणि नळकांड्याचा तेवढाच भाग पुसा. चिंधी काळी येणं थांबेपर्यंत.

रॉकेल वापरू नका, ते उडून गेलं तरी तेलकट थर ठेवतं. हँड सॅनिटायझरही नको, बहुतेकांत ग्लिसरीन असतं. कोविडच्या वेळच्या उरलेल्या बाटल्या लोक यासाठी काढतात म्हणून सांगतोय. अल्कोहोल भिंगाच्या कडेला आणि लाकडाच्या पॉलिशवर सांडू देऊ नका.

आपल्याकडे काळ्या मातीची धूळ हा वेगळा ताप. उन्हाळ्यात उघड्या शेडमध्ये काम केलंत तर पुसलेल्या खाचेवर तासाभरात बारीक थर बसतो. म्हणून पुसलं की लगेच बसवा. चहा नंतर.

४. स्टॉप पिन: खरं काम हेच

बंदुकीच्या पाठीवर, दोन खाचांच्या मधोमध, एक किंवा तीन गोल भोकं दिसतात का बघा. वायरॉखसारख्या (ही जर्मन कंपनी) बंदुकांवर ती पिनेसाठीच दिलेली असतात. माउंटमधली पिन छोट्या ॲलन कीने फिरवली की खाली उतरते.

पहिलं माप भोकाच्या खोलीचं. दातकोरणं उभं घाला, नखाने खूण करा, काढून मोजा. पिन माउंटच्या तळाखाली त्याहून किंचित कमी उतरली पाहिजे. फारच कमी उतरली तर कडेवरून घसरेल. जास्त उतरली तर पिन भोकाच्या तळाला टेकते आणि माउंट खाचेवरून उचलला जातो. मग जबडे अर्धेच धरतात, तुम्ही आवळत राहता, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हे तपासायची सोपी रीत: आधी पिन पूर्ण वर घेऊन माउंट हलका बसवा, बॅटरी पलीकडे धरून तळाखालची फट पाहून ठेवा. मग पिन उतरवून तसंच बघा. फट वाढली तर पिन लांब. अर्धा आटा वर घ्या, पुन्हा बघा.

रेलच्या मागच्या टोकाला काही बंदुकांवर मोठ्या डोक्याचा स्क्रू असतो. दिसायला थांबा म्हणून अगदी सोयीचा, पण माउंट त्याच्या डोक्यावर टेकवू नका. झटक्यांनी डोकं तुटतं आणि उरलेला दांडा आत अडकतो.

भोकच नसेल तर? वाळूजला किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचा ड्रिलवाला असतो, पाच मिनिटांत पाडून देतो म्हणतो. पाडू नका. ज्या नळकांड्यावर खाच आहे त्याच्याच आत पिस्टन धावतो. आरपार गेलं तर बंदूक संपली, आणि आरपार नाही गेलं तरी आतल्या बाजूला फुगवटा उठला तर पिस्टनचं सील सोलून निघतं. मी स्वतः एका जुन्या बंदुकीवर हा शहाणपणा केला आहे. त्या बंदुकीचा दम गेला तो गेलाच. भोक नसेल तर खाचेवर स्वतंत्र आवळायचा ठोकळा मिळतो, स्कोप स्टॉप म्हणून. तो माउंटच्या मागे, अगदी चिकटून बसवा. पुढे बसवलेला मी पाहिलाय. तो तिथे नुसता शोभेचा.

५. माउंट बसवणे

क्रम चुकवू नका.

पिन भोकात उतरवा. माउंट डोळ्याकडे, म्हणजे मागे ओढा, पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. टेकली की बारीक "टिक" लागते हाताला. तसाच ओढून धरून पकडस्क्रू बोटांनी फिरवा. मग कीने, आळीपाळीने, पाव-पाव फेरा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की जबडा तिरका बसतो.

पिन भोकाच्या मधोमध राहिली तर काय होतं? मिलिमीटरभर मोकळी जागा उरते. पहिल्या पन्नास छर्र्यांत स्कोप तेवढा सरकतो, मग पिन टेकते आणि थांबतो. तोवर तुम्ही दोनदा झीरो (छर्रा फुलीवरच लागेल असा स्कोप जुळवणं) केलेलं असतं आणि स्कोपला शिव्या घातलेल्या असतात. वीव्हर रेलवरही हेच: माउंटचा आडवा बोल्ट खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवून आवळा.

किती आवळायचं? उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर कीचा लांब हात स्क्रूत घाला, आखूड हात अंगठा आणि दोन बोटांत धरा, आणि मनगट न वापरता जेवढं फिरेल तेवढं. झटका पिन घेते, स्क्रूंनी फक्त माउंट खाली धरून ठेवायचा आहे.

निळं थ्रेडलॉकर फक्त इथे, पकडस्क्रूंना, प्रत्येकी एक थेंब, आणि तेही सगळं झीरो होऊन शंभरेक छर्रे मारून झाल्यावर. स्क्रू एकेक करून काढा, लावा, परत बसवा, एक दिवस बंदूक तशीच ठेवा. लाल थ्रेडलॉकर नको, तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि फेविक्विक तर नकोच नको.

*तपासा:* माउंटला अंगठ्याने मागे-पुढे जोर लावा. हलला तर पुन्हा सोडा आणि पहिल्यापासून. अर्ध्यावरून आवळून भागत नाही.

६. नळकांडं रिंगांमध्ये

माउंटची जागा पिनेने ठरवून टाकली, त्यामुळे डोळ्याचं अंतर आता नळकांडं पुढे-मागे करूनच जुळवायचं. रिंगांच्या वरच्या टोप्या सैल ठेवा, डोळे मिटून नेहमीसारखी बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत पूर्ण भरलेलं दिसेपर्यंत स्कोप हलवा. साधारण ८ ते १० सेंटीमीटर अंतर पडतं.

फुली सरळ करायला शेडच्या वाशाला ओळंबा टांगा, दहा पावलांवर. बंदूक सरळ धरून उभी रेघ दोरीला जुळवा. गवंडी जे वापरतात तेच, त्यापेक्षा खरं साधन नाही.

मग टोपीचे स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. टॉर्क रेंच असेल तर साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. नळकांडं ॲल्युमिनियमचं आणि पोकळ असतं. जास्त आवळलं तर चेपतं, आणि आतली यंत्रणा अडकून नेम जुळवायच्या नॉबचे क्लिक लागेनासे होतात.

साफ पुसूनही नळकांडं रिंगांत सरकत असेल तर लोक वायरमनची काळी टेप गुंडाळतात. हिवाळ्यात चालून जातं. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात त्या टेपचा डिंक पातळ होतो आणि स्कोप वंगणावर बसल्यासारखा सरकतो. त्यापेक्षा राळ घ्या, किराणा किंवा पूजेच्या दुकानात मिळते. चिमूटभर बारीक कुटून अल्कोहोलमध्ये विरघळवा, रिंगांच्या आत पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग आवळा. काढताना अल्कोहोलनेच निघते.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर: "उन्हाने माउंट फुगून ढिला पडतो" असं छातीठोक सांगणारे भेटतील. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं हे खरं. पण ११ मिलिमीटरच्या खाचेवर, २५ अंशांच्या फरकात, दोघांमधला फरक भरतो मिलिमीटरचे तीन हजारांश. त्याने काही ढिलं पडत नाही.

७. नळी खाली झुकलेली असेल तर

मोडायच्या नळीची बंदूक अनेकदा थोडी खाली मारते, कारण बंद झाल्यावर नळी किंचित खाली झुकलेली राहते. माणूस मग स्कोपचा वरचा नॉब "अप"कडे फिरवत सुटतो, शेवटापर्यंत. त्या टोकाला आतली स्प्रिंग सैल पडते, आणि प्रत्येक झटक्याला फुली आपल्या मनाने बसते. माउंट दगडासारखा पक्का, रेघा जुळलेल्या, तरी छर्रे विखुरलेले. हे ओळखायला सर्वांत अवघड दुखणं.

म्हणून झीरो करण्याआधी नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि निम्म्यावर आणून ठेवा. आता १० मीटरवर पाच छर्रे मारून बघा, किती खाली लागतंय.

तीन-चार सेंटीमीटरच्या आत असेल तर नॉबनेच जुळवा. त्याहून जास्त असेल तर मागच्या रिंगमध्ये, नळकांड्याखाली, पातळ पट्टी घाला. थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटर धरलं तर एक पट्टी १० मीटरवर मारा एक सेंटीमीटर वर आणते. कडा पॉलिश पेपरने मारून घ्या. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्यापुढे नळकांडं वाकायला लागतं, मग मागे उंच असलेला खास माउंटच घ्यावा लागतो.

८. झीरो आणि खुणा

मागे मातीने भरलेली पोती, त्यापलीकडे भिंत, आजूबाजूला कुणी नाही. पाखरांवर झीरो करायचा विचारही नको, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एअरगनलाही लागू आहे.

नवी बंदूक असेल तर पहिले शंभर-दोनशे छर्रे झीरोच्या नादी न लागता मारून टाका. आतलं जास्तीचं तेल जळेपर्यंत धूर येतो आणि धक्का कमी-जास्त होत राहतो. नंतर एकाच डब्यातले छर्रे, एकच पकड, पाच-पाचचे गट. गटाचा मध्य बघून क्लिक फिरवा. एकेका छर्र्याच्या मागे धावू नका. पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, वेळेचं नव्हे) क्लिकचा स्कोप १० मीटरवर एका क्लिकला साधारण ०.७ मिलिमीटर हलतो, म्हणजे एक सेंटीमीटरला चौदा क्लिक. "चार क्लिक फिरवले तरी काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

झीरो झाला की नेलपॉलिशच्या दोन रेघा नव्याने मारा, माउंट-बंदूक आणि रिंग-नळकांडं. बारीक मारा. जाड रेघेत अर्धा मिलिमीटर सरकलेलं लपून जातं.

दहा, पन्नास आणि दोनशे छर्र्यांनंतर भिंग घेऊन रेघा बघा. सोबत लाकडाचे स्क्रूही. दुचाकीवरून किंवा एसटीच्या टपावरून बंदूक नेली असेल तर पोचल्यावर आधी रेघा, मग छर्रे.

अंबडच्या मुलाची पिन उतरवून, मागे टेकवून, गोल झालेले दोन स्क्रू बदलून दिले. दिवाळीत फोन आला होता. रेघ तुटली नव्हती, पण छर्रे डावीकडे जायलेत म्हणाला. लाकडाचे स्क्रू बघ म्हटलं. पुढचा उजवा दीड फेरा ढिला निघाला.